ओळ कुठे संपते? : धुळ्याच्या पोथ्या, जळगावची गाणी आणि संगणकातील प्रती

मुद्रित कवितेची सवय असलेला वाचक जुनी मराठी पोथी प्रथमच उघडतो तेव्हा काहीसा गोंधळतो. ओवी नव्या ओळीवर सुरू होत नाही. पानाची रुंदी संपली की ओळ संपते. शब्द मध्येच तुटला तरी लेखनिकाला त्याची खंत नसते. ओवी कुठे पुरी झाली हे दंडावरून आणि अंकावरून ओळखायचे. पोथीत ओळीला असे दोन शेवट असतात : एक कागदाचा, दुसरा छंदाचा. काही लेखनिक समास सारखा दिसावा म्हणून ओळीच्या टोकाला रिकाम्या जागी उभ्या रेघा काढतात, आणि नवखा संपादक त्यांनाच दंड समजून बसतो.

हा विवेक खानदेशात फार पूर्वीपासून जोपासला गेला आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी डोमगावच्या मठातील, कल्याणस्वामींच्या हातची मानली जाणारी प्रत आधाराला घेऊन १९०५ साली 'दासबोध' प्रसिद्ध केला. त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, हा योग मोठा अर्थपूर्ण वाटतो. समर्थांचा उपदेश अगदी कारागिराचा आहे. एका ओळीची अक्षरे दुसरीला भिडू नयेत. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. ओळीच्या टोकाला सोडलेली ती कोरी जागा शोभेसाठी नव्हती. मजकूर शतके टिकावा यासाठी ती होती.

दुसरे उदाहरण इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे. त्यांचा देहान्त ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या संस्कारापूर्वीची म्हणून राजवाड्यांनी जी पोथी मानली, तिच्यावरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. ती पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. तिच्यासंबंधीचा वाद आता छापील प्रतीच्या आधारेच करावा लागतो. मूळ प्रत गेली की नकलेतील प्रत्येक चिन्ह साक्षीदार होते. नक्कल करणाऱ्याने सोयीसाठी काय बदलले, हे नोंदलेले नसेल तर त्या साक्षीचे मोल उतरते.

जळगावची कथा याहून नाजूक आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात नि शेतात काम करताना त्यांनी रचलेली गाणी पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी उतरून घेतली, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने आली. येथे ताडून पाहायला आधीची पोथीच नाही. गाण्यातली ओळ गळ्यात संपते. कागदावर ती कुठे तोडायची हे उतरून घेणाऱ्याने ठरवायचे. आज आपण ज्या ओळी पाहतो त्यांत बहिणाबाईंच्या श्वासाबरोबर लेखनिकाचा कानही आहे. म्हणून पुढच्या संपादकाने ओळ जोडताना किंवा तोडताना दहादा विचार करायला हवा.

आता संगणकाकडे वळू. टेलिप्रिंटरला नवी ओळ सुरू करायला दोन क्रिया लागत : गाडा डावीकडे परत नेणे आणि कागद वर सरकवणे. त्यांसाठी दोन स्वतंत्र अदृश्य चिन्हे होती. यंत्रे पालटली तरी चिन्हे राहिली. विंडोजने दोन्ही ठेवली, युनिक्सने केवळ दुसरे, जुन्या मॅकिंटॉशने केवळ पहिले. २०१८ पर्यंत विंडोजच्या नोटपॅडमध्ये युनिक्सची फाइल उघडली की सारा मजकूर पोथीसारखा सलग दिसे.

खरी अडचण आवृत्तिनियंत्रणात येते. २००५ साली निघालेली गिट ही प्रणाली प्रत्येक बदल कुणी, केव्हा केला हे ओळीगणिक दाखवते. परंतु एखाद्याच्या संगणकाने सर्व ओळींची अंत्यचिन्हे मुकाट्याने बदलली, तर ती प्रत्येक ओळ बदललेली दाखवते. चारशे ओळींच्या पाठात एक वेलांटी सुधारली असेल, तर ती चारशे खोट्या बदलांत बुडून जाते, आणि प्रत्येक ओळीवर नाव लागते ते शेवटी हात लावणाऱ्याचे. पाठभेदाचा इतिहास असा एका क्षणात पुसट होतो. यावर उपायही आहे. कोणत्या फाइलींची अंत्यचिन्हे एकसारखी करायची आणि कोणत्यांना हातच लावायचा नाही, हे गुणधर्मांच्या छोट्या फाइलीत लिहून ती संग्रहातच ठेवता येते. मग नियम प्रत्येकाच्या यंत्राच्या लहरीवर न राहता ग्रंथाबरोबर प्रवास करतो.

पोथ्या टंकित करणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू : पोथीतील कागदी ओळ खुणेने नोंदवा, छंदाची ओळ दंडाने राखा, यंत्राच्या ओळीचा नियम आरंभीच ठरवा, आणि ओळ बदलणे व शब्द बदलणे ही दोन कामे एकाच नोंदीत कधीही मिसळू नका. समर्थांनी कागदाच्या कडेला जागा सोडायला सांगितली होती. आपली कड आता डोळ्यांना दिसत नाही, इतकाच फरक.