राजधानी सोडतांना

इतिहासाला प्रस्थापनेची आवड फार. अमुक राजानें नगर वसविलें, कोट बांधला, तळें खोदलें, अशा वाक्यांनीं आपल्या बखरी आणि गॅझेटियरें भरलेलीं आहेत. परंतु नवें नगर वसविणारा माणूस कोठून तरी उठून आलेला असतो, आणि तो जेथून उठला तेथें कांहीं घरें, कांहीं माणसें आणि कांहीं थडगीं मागें राहिलेलीं असतात, ही गोष्ट त्या वाक्यांत मावत नाहीं. चंद्रपूरच्या गोंड राजघराण्याचा वृत्तांत आम्ही तीस वर्षें वर्गांत सांगत आलों, आणि तीसही वर्षें तो वसविण्याचा वृत्तांत म्हणूनच सांगितला. गेल्या वर्षीं कोटाच्या आंतलें आमचें वडिलोपार्जित घर सोडण्याची पाळी आली, तेव्हां तोच वृत्तांत उलट्या बाजूनें वाचून पाहावासा वाटला.

घर सोडण्याचें कारण अगदीं साधें होतें. माडीचा जिना उभा, आणि पत्नीचे गुडघे धरलेले. मुलें पुण्यास आणि बंगळूरास. तीं आतां परत येऊन त्या माडीवर बिऱ्हाड करतील अशी आशा आम्हांलाही उरली नव्हती. प्रस्ताव पत्नीनेंच मांडला. आम्हीं दोन महिने वाद घातला, आणि तिसऱ्या महिन्यांत पुस्तकें खोक्यांत भरूं लागलों. त्या भराभरींत मेजर लूसी स्मिथच्या १८६९ सालच्या जमाबंदी-अहवालांतील उताऱ्यांची आमची जुनी वही हातीं लागली, आणि बांधाबांध दोन दिवस तशीच पडून राहिली. त्याबद्दल आम्हांला जें ऐकावें लागलें तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं.

चांद्याच्या राजघराण्याची हकीकत बहुतांशीं याच अहवालावरून पुढें चालत आली आहे. साहेबाला राजांचे सन हवे होते. लोकांजवळ सन नव्हते, कथा होत्या. त्यानें कथांना सन लावले. पुढच्या अभ्यासकांनीं ते अलीकडे ओढले. सनांचा हा झगडा विद्वानांनीं खुशाल चालू ठेवावा. आम्हांला येथें काम आहे तें कथांशीं.

या घराण्याची पहिली राजधानी शिरपूर. तें वर्धा नदीच्या पलीकडे, आजच्या तेलंगण राज्यांत आहे. तेथें पिढ्यान् पिढ्या राज्य केल्यावर पंधराव्या शतकाच्या सुमारास खांडक्या बल्लाळशहा गादीवर आला. त्याच्या अंगभर गांठी उठलेल्या होत्या आणि कोणत्याही औषधाचा गुण येत नव्हता. परंपरा अशी सांगते कीं, त्याची राणी शहाणी होती. तिनें सुचविलें कीं शिरपूर सोडावें आणि नदीच्या उत्तर तीरावर नवा किल्ला बांधून राहावें. राजानें तें मानलें. तेंच आजचें बल्लारपूर.

आतां या चार ओळींत एक अख्खी राजधानी उठून गेली आहे. राजा उठला म्हणजे एकटा उठत नाहीं. दिवाण उठतो, शिपाई उठतात, लोहार, कोष्टी, तेली उठतात. आणि जे उठत नाहींत त्यांचें गिऱ्हाईक उठतें. ज्या गांवीं काल दरबार भरत होता, तेथें आज फक्त आठवड्याचा बाजार भरतो. शिरपूरच्या या दिवसाबद्दल कथा एक शब्दही बोलत नाहीं. ती राजाच्या दुखण्याबरोबर नदी उतरून पुढें गेली, आणि तिनें मागें वळून पाहिलें नाहीं.

बल्लारपुरासही राजाला बरें वाटलें नाहीं. एके दिवशीं शिकारीस गेला असतां त्याला तहान लागली. झरपट नदीचें पात्र कोरडें होतें. एका खळग्यांत थोडें पाणी दिसलें, तें तो प्याला, त्यानें हातपाय धुतले, आणि त्या रात्रीं कित्येक वर्षांत प्रथमच त्याला गाढ झोंप लागली. सकाळीं राणीनें पाहिलें, तों जेथें जेथें पाणी लागलें होतें तेथल्या गांठी नाहींशा झालेल्या! तिनें राजाला पुन्हां त्याच जागीं नेलें. गवत आणि वाळू दूर केल्यावर खडकांत गाईच्या पावलांच्या पांच खुणा सांपडल्या. त्यांतलें पाणी कितीही उपसलें तरी संपेना. तेंच अचलेश्वराचें स्थान. पुढें तेथेंच एका सशानें राजाच्या कुत्र्याचा उलट पाठलाग केला. हा चमत्कार ऐकून राणीनेंच सल्ला दिला कीं, ससा ज्या वाटेनें धांवला त्या वाटेवर कोट घालून येथें शहर वसवावें. चांदा वसलें तें असें.

ससा आणि कुत्रा यांची कथा आपल्या देशांत अनेक शहरांच्या नांवावर सांगतात, आणि विजयनगरापासून अहमदाबादेपर्यंत कोठेंही ती ऐकावयास मिळते. तेव्हां तीवर भार देण्यांत अर्थ नाहीं. आम्हांला नवल वाटलें तें दुसऱ्याच गोष्टीचें. दोन्ही वेळां घर हलविण्याचें बोलणें राणीनें काढलें आहे, आणि दोन्ही वेळां त्याचें कारण नवऱ्याची प्रकृति हें आहे. राज्यविस्तार, शत्रूचें भय, नदीचा आश्रय, हीं जीं कारणें आम्ही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत पाहूं इच्छितों, त्यांतलें एकही कथेला ठाऊक नाहीं. तीं कारणें नसतीलच असें नव्हे. पण लोकांनीं शतकानुशतकें लक्षांत ठेवलें तें हें, कीं एका बाईला आपल्या माणसाला झोंप लागावी असें वाटत होतें, आणि त्यासाठीं तिनें दोन राजधान्या मोडल्या. आमच्या घरीं गुडघे तिचे होते आणि हट्ट आमचा होता, एवढाच काय तो फरक.

चांद्याचा कोट पुढें कित्येक पिढ्या बांधला जात होता. हीरशहानें वेशी उभारल्याचें सांगतात, आणि जो जंगल तोडून जमीन वाहितीस आणील त्याला ती जमीन देण्याची रीत त्यानेंच घातली असेंही सांगतात. अकबराच्या वेळचा बाबाजी बल्लाळशहा 'आईन-ई-अकबरी'त एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ यांसह नोंदला गेला आहे. कोटाला चार वेशी आहेत: जटपुरा, अचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा. आणि पांच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे: हनुमान, विठोबा, बगड, चोर आणि मसण. वेशींवर हत्तीला दाबणाऱ्या सिंहाचें चिन्ह कोरलें आहे. तें पाहावयास बाहेरगांवचे पाहुणे आवर्जून येतात. मसण खिडकीकडे कोणी पाहुण्याला नेत नाहीं. शहर आंखणाऱ्यानें मात्र राजाच्या स्वारीसाठीं जशी वेस ठेवली, तशीच शेवटच्या निरोपासाठीं एक वेगळी वाट ठेवली, आणि तिला नांवही आडपडदा न ठेवतां दिलें. आमच्या आजोबांना त्याच बाजूनें नेलें असें वडील सांगत.

या घराण्याचा सर्वांत मोठा निरोप मात्र एका विधवेच्या हातून घडला, आणि तो अजून उभा आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बीरशहा चांद्याच्या गादीवर होता, आणि हिराई त्याची राणी. त्यांना एक मुलगी. ती देवगडच्या राजघराण्यांत दिली होती. सासरीं तिचा अपमान झाला असें कळतांच बीरशहानें देवगडावर चाल केली, जांवयाचें डोकें कापून महाकालीला वाहण्याचा नवस केला, आणि परंपरा सांगते कीं तो फेडला. मुलीची पाठवणी करणाऱ्या बापाच्या मनांत त्या क्षणीं जें येऊन जातें आणि जें सभ्यपणें गिळावें लागतें, तें या राजानें गिळलें नाहीं. मात्र त्या मुलीचें पुढें काय झालें, याबद्दल कथेला कुतूहल नाहीं.

बीरशहाला मुलगा नव्हता. त्यानें दुसरें लग्न काढलें, आणि त्या लग्नाच्याच धामधुमींत हिरामन नांवाच्या रजपूत रक्षकानें त्याचा खून केला. सवत घरांत येण्याच्या दिवशीं हिराईला वैधव्य आलें. एखाद्या नाटककाराला येथें मोह पडेल. इतिहासलेखकाला एवढेंच म्हणतां येतें कीं, या बाईनें त्यानंतर जें केलें तें दगडांत दिसतें. अचलेश्वराजवळ तिनें नवऱ्याची समाधि बांधविली. गोंड राजांच्या समाध्यांत तिच्याएवढी भव्य दुसरी नाहीं. महाकालीचें मंदिर तिनेंच बांधविलें. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेस आजही नांदेडकडून, मराठवाड्यांतून बायामाणसें डोक्यावर गांठोडीं घेऊन तेथें येतात. जो नवरा आपल्याला बाजूला सारून दुसरें लग्न करावयास निघाला होता, त्याला तिनें असा निरोप दिला. त्यांत प्रेम किती, मानीपणा किती, आणि 'या घराची मालकीण कोण' हें जगाला दाखविणें किती, याचें गणित मांडावयास आम्ही धजत नाहीं. तिन्ही असावींत, असें आमचें मत.

गादीसाठीं तिनें चांदनखेड्याच्या आप्तांतून रामशहा नांवाचा मुलगा दत्तक घेतला, आणि तो जाणता होईपर्यंत राज्य स्वतः चालविलें. सारे लेखक येथें हिराईच्या कारभाराची प्रशंसा करतात, आणि ती योग्यच आहे. आम्हीही वर्गांत तेवढेंच सांगून पुढें जात असूं. पण चांदनखेडें कांहीं फार दूर नाहीं; भद्रावती तालुक्यांतलें तें गांव आम्ही अनेकदां पाहिलें आहे. तेथून एक लहान मूल एके सकाळीं राजा होण्यासाठीं निघालें. आईनें त्याला काय सांगितलें असेल? दत्तविधानांत आई मूल 'देते' असें शास्त्र म्हणतें. दिल्यावर घरीं परत येऊन ती त्या दिवशीं काय करते, हें शास्त्राला विचारूं नये. रामशहा पुढें सात्त्विक राजा म्हणून नांवाजला.

त्याचा मुलगा नीलकंठशहा. याच्याबद्दल परंपरा चांगलें बोलत नाहीं. बापाच्या विश्वासांतला दिवाण महादजी वैद्य याला त्यानें मारविलें, प्रजा दुखावली, आणि नागपूरकर रघुजी भोसल्याला वाट मोकळी झाली. १७५१ सालीं राज्य भोसल्यांकडे गेलें आणि राजा कैद झाला. कैदेसाठीं जागा कोणती निवडली हें वाचकांनीं पाहावें: बल्लारपूरचा किल्ला. जें घर खांडक्या बल्लाळशहाच्या राणीनें नवऱ्याला बरें वाटावें म्हणून बांधविलें, आणि बरें वाटतांच मागें टाकलें, तेथेंच त्या वंशाचा शेवटचा राज्यकर्ता कैदी म्हणून परत आला आणि तेथेंच वारला. त्याच्या मुलानें राज्य परत मिळविण्याची एक खटपट केली, ती फसली.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं चांद्याचा कोट फोडला. १८५४ सालीं नागपूरचें राज्यच खालसा झालें. गोंड राजांच्या वाड्याच्या जागीं तुरुंग आला, आणि त्याच तुरुंगांत २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके फांशीं गेले. त्यांनीं इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता तें रान आज गडचिरोली जिल्ह्यांत आहे. १९८२ सालीं तो जिल्हा चंद्रपुराहून निराळा झाला. राजाचा वाडा त्याच जातीच्या वीराचा वधस्तंभ व्हावा, ही गोष्ट आम्हीं कधीं वर्गांत नीट आवाजांत सांगितली नाहीं.

राजांना निदान कथा मिळाल्या. ताडोबाच्या रानांतल्या गांवांना तेवढेंही मिळालेलें नाहीं. ताडोबा हें राष्ट्रीय उद्यान १९५५ चें. १९९५ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला. वाघासाठीं रान मोकळें हवें म्हणून आंतलीं गांवें टप्प्याटप्प्यानें बाहेर नेण्यांत आलीं. २००७ सालीं बोटेझरी हललें, २०१३ सालीं नवेगांव. तळ्याकांठीं तारू किंवा तारोबा या देवाचें ठाणें आहे. हा तारू म्हणजे गांवचा एक प्रमुख, वाघाशीं झुंजतांना मेला आणि देव झाला, असें आदिवासी सांगतात. वाघानें मारलेला मनुष्य रानांत देव होऊन राहिला, आणि वाघासाठीं त्याच्या लेकरांना रान सोडावें लागलें. वाघ राहावा असें आम्हांलाही वाटतें. सफारीच्या गाडींत आम्हीही बसलों आहों. पण नवीन वसाहतींत सारख्या अंतरावर बांधलेलीं पक्कीं घरें पाहिलीं म्हणजे शिरपुराची आठवण होते. कोणी उठावें हें तेथें एका राणीनें ठरविलें होतें, आणि ती स्वतः पहिल्या गाडींत बसली होती.

घर बदलून झाल्यावर पौषांत आम्ही दोघें बल्लारपुरास गेलों. आतां तें गांव कोळशाच्या खाणींचें आणि १९४५ पासूनच्या कागद कारखान्याचें. किल्ला वर्धेच्या कांठीं आहे; तट बराच शाबूत, आंत मात्र भग्नावशेष. पत्नीला वर चढवेना, म्हणून ती दरवाजाच्या सांवलींत दगडावर बसली. आम्ही तटावरून नदी पाहून आलों आणि आमच्या संवयीप्रमाणें १७५१ ची हकीकत तिला सांगितली.

ती म्हणाली, "अहो, पण राजाबरोबर आंत आणखी कोण होतें?"

आम्ही म्हणालों, "अहवालांत राजाचेंच नांव आहे."

"मग त्याला रांधून कोण घालत होतें?"

आम्हीं वही उघडून पाहिली. मग तिला हात देऊन उठविलें, आणि एस. टी. चुकूं नये म्हणून हळूहळू रस्त्याकडे निघालों.