साहेबमामांची कला आणि घरात आलेल्या प्रती

कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ सांगितला जातो. बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार केला, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर या चौघांनी सीतारामपंत कुलकर्णी यांना सोबत घेऊन १ जून १९२९ रोजी ‘प्रभात’ची स्थापना केली. ही हकीकत कोल्हापुरातल्या शाळकरी मुलांच्याही कानावरून गेलेली असते. या पाच भागीदारांपैकी एक शेख फत्तेलाल. कोल्हापूरजवळच्या कागलात १८८६ साली जन्मलेले हे गृहस्थ सगळ्यांचे ‘साहेबमामा’ होते.

मुस्लिम समाजात साहेबमामांचे नाव निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘संत तुकाराम’ एका मुसलमानाने केला. वाक्य खरे आहे. विष्णुपंत दामले यांच्याबरोबर त्यांनी ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) दिग्दर्शित केले. ‘प्रभात’ बंद पडल्यानंतर १९५५ साली त्यांचा ‘जगद्गुरु शंकराचार्य’ आला. या गोष्टीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र आपण नावाचा अभिमान बाळगतो आणि काम पाहत नाही, असे मला अनेकदा वाटते. साहेबमामांचे मूळ काम कलादिग्दर्शनाचे. भिंत कशी लिंपलेली असावी, खांबाची सावली कुठे पडावी, झोपडीत उजेड कोणत्या बाजूने यावा, हे ते ठरवीत. कथा सांगून कळते, गाणे तबकडीवर ऐकता येते. भिंतीवरचा उजेड मात्र चित्रातच असतो. चित्र खराब झाले की सर्वांत आधी नाहीसे होते ते साहेबमामांचे काम. म्हणून जुना चित्रपट घरी कोणत्या प्रतीवर पाहावा, हा प्रश्न आपल्यासाठी हौशी संग्राहकांपुरता राहत नाही. तो इतिहासाचा प्रश्न ठरतो.

प्रथम ही प्रत घरापर्यंत येते कशी ते पाहू. त्या काळचे चित्रपट नायट्रेट फिल्मवर घेतले जात. ही फिल्म चांदीने समृद्ध, काळ्यापांढऱ्यातल्या बारीक छटा उत्तम दाखवणारी, पण विलक्षण ज्वालाग्राही आणि काळाबरोबर सडणारी. १९५०च्या सुमारास जगभर तिचा वापर थांबला आणि सुरक्षित फिल्मवर नकला काढण्याचे काम सुरू झाले. मूळ निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, त्यावरून दुसरी निगेटिव्ह, तिच्यावरून चित्रगृहाची प्रत, अशी ही वंशावळ चालते. दर पिढीला चित्रातला मधला करडा रंग थोडा उडतो. काळे अधिक काळे, पांढरे अधिक पांढरे होते. लेखनिकाने नकलेवरून नक्कल करावी आणि दर वेळी चार मात्रा गळाव्यात, तसाच हा प्रकार.

‘प्रभात’ १९३३ साली पुण्याला गेली. तिच्या स्टुडिओच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने देशभर फिरून जुन्या फिल्मा गोळा केल्या. योगायोग असा की साहेबमामा त्याच वर्षी, १९६४ साली, निवर्तले. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी नायट्रेट फिल्मा ठेवलेल्या पुण्यातल्या कोठाराला आग लागली आणि शेकडो जुन्या चित्रपटांची रिळे जळाली. त्यांत ‘प्रभात’चाही ठेवा होता. ज्यांच्या नकला आधी निघाल्या होत्या ते चित्रपट आज पाहता येतात, पण मूळ जळाल्यावर नक्कल हेच मूळ होऊन बसते. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची तर एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या मानाने ‘प्रभात’चे नशीब चांगलेच म्हणावे लागेल.

आता घरातल्या प्रतींकडे वळू. १९८०च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली. तिच्यावर आडव्या दिशेने जेमतेम अडीचशे रेषांचा तपशील मावतो. शिवाय एका कॅसेटवरून दुसरी उतरवली की चित्र आणखी फिके पडते, आणि कोल्हापुरात भाड्याने मिळणाऱ्या कॅसेटी बहुधा उतरवलेल्याच असत. १९९०च्या दशकाअखेरीस व्हीसीडी आली. ती स्वस्त होती, गल्लीच्या टोकाला मिळे, आणि आमच्या पिढीतल्या कित्येकांनी जुना मराठी चित्रपट प्रथम पाहिला तो तिच्यावरच. तिचे उपकार नाकारता येणार नाहीत. पण हिशेब मांडला तर व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे आणि डीव्हीडीचे ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे. म्हणजे व्हीसीडीत डीव्हीडीच्या साधारण एक चतुर्थांश तपशील. शिवाय एका व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपासच चित्रपट बसतो. ‘संत तुकाराम’ १३१ मिनिटांचा असल्याने त्याचे दोन तुकडे होतात आणि भजनाची तंद्री चकती बदलताना मोडते.

व्हीसीडीचा खरा दोष दिसतो तो अंधारात आणि गर्दीत. जागा वाचवण्यासाठी ती चित्राचे चौकोन पाडून ते थोडक्यात नोंदवते. अंधारातले बारीक फरक तिला अनावश्यक वाटतात आणि हलणारी गर्दी तिला झेपत नाही. ‘अमृतमंथन’ (१९३४) घ्या. पुण्याच्या स्टुडिओतला ‘प्रभात’चा हा पहिला चित्रपट. त्यात राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांचे पडदाभर डोळे सर्वांना आठवतात, आणि ते कोणत्याही प्रतीत दिसतातच. पण त्या डोळ्यांमागे दाट अंधाराचे देऊळ आहे. चांगल्या प्रतीत तो अंधार खोल वाटतो, त्यात खांबामागे खांब मोजता येतात. खराब प्रतीत तिथे डांबर ओतल्यासारखा एकच काळा पट्टा उरतो. डोळे राहिले, देऊळ गेले. नटाचे काम वाचले, कलादिग्दर्शकाचे बुडाले.

‘संत तुकाराम’मध्ये हे नुकसान अधिक गंभीर आहे. मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात तो ५७ आठवडे चालला आणि १९३७च्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात चमत्कार पुष्कळ आहेत. शिवाजी महाराजांना पकडायला शत्रू येतो तेव्हा कीर्तनातल्या माणसामाणसांत शिवाजीच दिसू लागतो, आणि शेवटी तुकोबांना न्यायला आकाशातून विमान उतरते. आजची मुले संगणकावर घडवलेले चमत्कार पाहत वाढली आहेत, त्यांना हे कसे पटावे? मला वाटते, ते पटते याचे कारण चमत्काराच्या आधीचे घर आहे. आवलीची चूल, तिची म्हैस, खडबडीत भिंती, अंगणातली माती हे सगळे इतके खरे आहे की त्या घराच्या दारात उतरलेले विमानही खरे वाटू लागते. देवावर चिडून हातात पायताण घेऊन देवळात शिरणारी आवली त्या मातीतूनच आलेली आहे. आता प्रत फिकी असली की भिंतीचा खडबडीतपणा आधी जातो. घर पुठ्ठ्याचे दिसू लागते आणि मग विमानही पुठ्ठ्याचे दिसते. वर्गात एकदा उतरवलेल्या व्हीसीडीवरून हा भाग दाखवला तेव्हा मुले विमानाला हसली. पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकडीला चांगल्या डीव्हीडीवरून तोच भाग दाखवला. कुणी हसले नाही. एका मुलीने म्हशीचे नाव काय म्हणून विचारले.

चित्राइतकाच आवाजाचाही विचार करायला हवा. ‘प्रभात’मध्ये ध्वनीची बाजू दामल्यांकडे होती. त्या काळी आवाज फिल्मच्याच कडेला प्रकाशाच्या पट्टीने नोंदवला जाई. या पट्टीवर ओरखडे आणि धूळ बसली की सतत खरखर येते. डिस्क काढणारे ती खरखर यंत्राने पुसतात. ग्राहकाला स्वच्छ आवाज मिळाल्याचा आनंद होतो. परंतु खरखर जिथे असते, त्याच उंच पट्टीत स, श, फ या अक्षरांची धारही असते. टेलिफोनवर नाव सांगताना ‘स’ की ‘फ’ असे पुन्हा विचारावे लागते, त्याचे कारण हेच. उर्दू शिकवणाऱ्याला हे चटकन जाणवते, कारण जीम आणि झे यांतला फरक या धारेवरच उभा असतो.

१९४१ साली शांतारामबापूंनी मराठीत ‘शेजारी’ आणि हिंदीत ‘पडोसी’ केला. एका गावातल्या हिंदू आणि मुसलमान जिवलग मित्रांची ही कथा. धरणाच्या लोभापायी त्यांच्यात फूट पाडली जाते आणि शेवटी त्याच धरणावर दोघे एकत्र मरतात. दोन्ही भाषांत मिर्झा झाले गजानन जागीरदार. मराठीत त्यांचे शेजारी केशवराव दाते, तर हिंदीत ठाकूर झाले मझहर खान. म्हणजे ‘पडोसी’त हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू. दोघांनी एकमेकांची बोली कशी पेलली, हे ऐकण्यातच या चित्रपटाचे अर्धे मर्म आहे. फार पुसलेल्या आवाजात दोन्ही शेजारी एकसारखे बोलतात. शब्द कळतात, माणूस कळत नाही. म्हणून थोडी खरखर असलेली प्रत मी केव्हाही पसंत करीन.

‘कुंकू’ (१९३७) तर या कसोटीसाठीच केल्यासारखा आहे. त्यात पार्श्वसंगीत नाही, रोजच्या जगण्यातले आवाजच संगीताचे काम करतात. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातले घड्याळ हे त्यातले एक पात्रच. खरखर पुसणारे यंत्र अशा बारीक टकटकीलाही कचरा समजू शकते. ती दबली तर शांता आपटे यांच्या नीरेभोवतालचे घर मुके होते.

आणखी एक बाब मिनिटांची. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे लागतात, तेव्हा चित्रपट सरळ थोडा वेगाने पळवतात. चार टक्के वेग वाढतो, १३१ मिनिटांचा चित्रपट सुमारे १२६ मिनिटांत संपतो आणि आवाज जवळजवळ पाऊण स्वर-पायरी वर चढतो. ‘संत तुकाराम’च्या आरंभी तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस साधेपणाने अभंग गातात, आणि मग तोच अभंग सालोमालो आपला म्हणून नखऱ्याने गातो. साधेपणा आणि मिरवणे यांतला हा भेद केशवराव भोळे यांनी चालींतूनच दाखवला आहे. वेग वाढला की पागनीसांच्या गळ्यातला ठेहराव कमी होतो. म्हणून डिस्कच्या वेष्टनावरची मिनिटे वाचावीत. पाच मिनिटे कमी दिसली तर लगेच कापाकापीचा संशय घेऊ नये, वेगाचाही हिशेब करावा. एनटीएससी पद्धतीच्या डिस्कवर मूळ वेग राखता येतो, पण तिथे ५७६ऐवजी ४८० ओळी असतात.

आता कॅसेट गेली, चकत्यांची दुकानेही बहुतेक उठली. लोक मोबाइलवर किंवा रुंद टीव्हीवर पाहतात. रुंद टीव्हीवर जुने चौकोनी चित्र पडदाभर ताणले की माणसे जाड होतात, आणि वरून-खालून कापून भरले की चित्राचा चौथा हिस्सा जातो. वर गेले ते साहेबमामांचे छत, खाली गेले ते त्यांचे अंगण. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून पाहणे हाच उपाय. तेवढे बटण आपल्या हातात आहे.

शाळांनी, ग्रंथालयांनी आणि कोल्हापुरात दरवर्षी चित्रपटमहर्षींचे स्मरण करणाऱ्या मंडळींनी एवढे जरूर करावे : दाखवण्याआधी प्रत तपासावी. तुतारी फुंकणाऱ्या ‘प्रभात’च्या बोधचिन्हापासूनच परीक्षा सुरू करता येते. त्या स्त्रीच्या मागचा उजेड छटाछटांनी पसरलेला दिसतो की नुसता पांढरा डाग, हे पाहिले की पुढचे कळते. श्रेयनामावली घाईने पुढे ढकलू नये. तिच्यात एस. फत्तेलाल हे नाव येते तेव्हा मुलांना ते वाचू द्यावे आणि मग चित्रपटभर भिंतींकडे, खांबांकडे, चुलीच्या धुराकडे पाहायला सांगावे. कागलच्या त्या कारागिराने आपले म्हणणे तिथे लिहून ठेवले आहे, आणि चांगल्या प्रतीत ते अजून वाचता येते.