व्याकरण लिहिलं कोणासाठी?

अकोला जिल्ह्यातल्या एका आजोबांची मुलाखत मी संशोधनासाठी घेतली होती. रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढताना एक वाक्य आलं : "माहा बाप रोज वावरात जाते." मी टाइप केलं, 'माझा बाप रोज शेतात जातो.' दोन महिन्यांनी लक्षात आलं, की मी साधन सुधारलं नव्हतं, बिघडवलं होतं.

लक्षात आलं ते स्पॅनिशच्या वर्गात. पहिल्याच धड्यात नियम होता : 'एल कान्ता' म्हणजे तो गातो, 'एया कान्ता' म्हणजे ती गाते. कर्ता बदलला तरी क्रियापद तेच. मनात म्हटलं, हे तर आपल्या घरचंच! वऱ्हाडीत 'तो गाते', 'ती गाते'. भूतकाळात मात्र वऱ्हाडी 'गेला' आणि 'गेली' असा फरक पाळते, स्पॅनिश तिथेही पाळत नाही. म्हणजे या दोन भाषांचं नातं वगैरे काही नाही. पण प्रश्न उरतोच : तीच गोष्ट तिथे नियम आणि इथे चूक, असं का?

उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ. १४९२ साली आन्तोनियो दे नेब्रिहा यांचं कास्तिलियनचं, म्हणजे आजच्या स्पॅनिशचं, व्याकरण छापलं गेलं. त्याचे पाच भाग आहेत आणि पाचवा भाग खास परभाषकांसाठी आहे. एकाच पुस्तकात दोन वाचक, आणि लेखकाला त्याची पूर्ण जाणीव.

आपल्याकडे बघा. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राशोलला छापलं गेलं. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या सेरामपूरहून इंग्रजीत निघालं. दोन्हींचा वाचक बाहेरचा होता. त्याला भाषेचं एक कामापुरतं रूप हवं होतं.

त्याच्या कितीतरी आधी महानुभाव पंथात भीष्माचार्यांचं 'पंचवार्तिक' झालं. मराठी व्याकरणविचाराचा आरंभ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. या पंथाचं एक मोठं केंद्र म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. तिथला वाचक परका नव्हता, तो चक्रधरांच्या सूत्रांचा अर्थ लावणारा पंथीय होता.

१८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं, मराठीत आणि मराठी विद्यार्थ्यासाठी. इथे गणित बदलतं. या विद्यार्थ्याला भाषा येतेच. त्यामुळे आता नियमाचं काम भाषा शिकवण्यापेक्षा तिच्या अनेक रूपांतून एक निवडण्याचं होतं. पुढे शाळेतून जी प्रमाण मराठी रुजली, तिच्यात 'तो जातो' बसलं. 'तो जाते' बाहेर राहिलं आणि हळूहळू 'अशुद्ध' ठरलं. आमच्या पिढीतली कितीतरी पोरं याच धाकाने वर्गात तोंड उघडत नव्हती.

मग ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये आला. त्यात मराठीच्या बोलींमध्ये वऱ्हाडीचीही नोंद आहे, नमुन्यांसकट. पण हे साधनही डोळे झाकून वापरू नका. सर्वेक्षणाचा एक ठरलेला नमुना म्हणजे बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं भाषांतर. वावरात उभा राहून माणूस बोलतो ते वेगळं, आणि समोर ठेवलेल्या मजकुराचं भाषांतर करतो ते वेगळं.

तेव्हा संशोधनाला बसणाऱ्या मित्रांनो, कोणतंही व्याकरण किंवा शब्दकोश साधन म्हणून हातात घेतलात, की आधी तीन गोष्टी विचारा. लिहिणारा कोण? वाचणारा कोण? आणि ज्यांची भाषा आहे, त्यांच्यापैकी कोणाचं बोलणं त्यात आलं, कोणाचं गळलं? मुलाखत उतरवताना बोललेलं जसंच्या तसं ठेवा. प्रमाण मराठीतला अर्थ हवा तर खाली टीपेत द्या. मूळ रेकॉर्डिंग तर कधीच पुसू नका. माझं ते शिल्लक होतं, म्हणून वाचलो.

आजोबांचं वाक्य आता प्रबंधात त्यांच्याच तोंडचं आहे. त्यांचा बाप पुन्हा वावरात जाते.