हृदयाच्या वाटेवरील उंबरठा

सारें लक्ष बालेकिल्ल्याकडे लागलें असतां दगा वेशीवरच व्हावा, असे प्रसंग इतिहासांत पुष्कळ आहेत. हृदयांत नळी घालण्याच्या विद्येचा इतिहासही याला अपवाद नाहीं.

१९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्ड येथें वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरानें स्वतःच्याच कोपराच्या लवणींतील शिरेंतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयाकडे सरकविली, आणि क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन तिचें चित्र घेतलें. नळीच्या स्पर्शानें हृदय थांबेल, ही त्या काळची धास्ती फोल ठरली. १९५६ सालीं कूर्नां व रिचर्ड्स यांच्यासमवेत त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

पुढें हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या पाहण्याची निकड भासली, व त्यासाठीं धमनींतूनच शिरणें भाग पडलें. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनीं १९५३ सालीं सुई, सुईंतून तार व तारेवरून नळी ही युक्ति प्रसिद्ध केली, आणि जांघेंतील धमनी हा राजमार्ग झाला. परंतु धमनींत रक्ताचा जोर मोठा. छिद्र नीट बुजलें नाहीं, तर क्वचित् बाहेर रक्ताची धडधडणारी पिशवी बनते. कधीं धमनी व शीर यांचा भलताच संयोग होतो. सर्वांत घातक प्रकार म्हणजे पोटाच्या मागील पोकळींत रक्त सांचणें. तें डोळ्यांना दिसत नाहीं, केवळ पाठदुखी व उतरता रक्तदाब एवढीच त्याची सूचना असते.

उपायही क्रमानें सुधारले. पूर्वीं अशा पिशवीवर शस्त्रक्रिया करीत. १९८६ सालीं पिशवींत थ्रॉम्बिन टोंचून रक्त गोठविण्याची, तर १९९१ सालीं ध्वनिलहरींच्या चित्रावर पाहत ती दाबून बंद करण्याची रीत प्रसिद्ध झाली. लहान संयोग बहुधा आपोआप मिटतो. मोठ्यास शस्त्रक्रिया लागते. आंतील रक्तस्रावांत रक्त पातळ ठेवणारें औषध थांबवून, रक्त देऊन, गरज पडल्यास आच्छादित नळीनें छिद्र झांकतात.

१९८९ सालीं माँट्रियलच्या कांपो यांनीं मनगटाच्या धमनीचा मार्ग दाखविला. तेथें धमनी हाडावर सहज दाबतां येते, व ती बंद पडली तरी हाताला दुसरी धमनी बहुधा पुरते. म्हणून आज पुष्कळ ठिकाणीं तोच मार्ग प्रथम निवडतात.

तरीही जांघेची वाट संपलेली नाहीं. तपासणीनंतर रोग्यानें पाठ दुखते, घेरी येते असें म्हटलें, तर तें थकव्याचें लक्षण मानून घरच्यांनीं स्वस्थ बसूं नये. तत्काळ डॉक्टरांस कळवावें.