नारोशंकराच्या घंटेचा गुरुत्वमध्य

माझ्या एका कादंबरीत नारोशंकराची घंटा वादळाने झुलते. गोदेला पूर आला आहे, पंचवटीकडे अंधार दाटला आहे आणि ती अजस्र घंटा आपोआप हेलकावे घेऊ लागते, असा तो प्रसंग. लिहिताना मी स्वतःवर भलताच खूश होतो. पुस्तक निघाल्यावर महिन्याभरात पिढीजात ओतकाम करणारे एक वृद्ध गृहस्थ घरी आले. चहा झाला. मग शांतपणे म्हणाले, "मास्तर, बाकी सगळं झकास आहे हो. पण घंटा झुलेल कशी? तिच्या डोक्यावर जू कुठंय?"

मी गप्प झालो. गुरुत्वमध्याचा धडा मी शाळेत वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. पुठ्ठा टाचणीला टांगायचा, ओळंबा सोडून रेघ मारायची, दुसऱ्या टोकाने पुन्हा तसेच. रेघा छेदतील तो मध्य. तो पुठ्ठा आणि ही घंटा यांचा काही संबंध असेल, हे मात्र कधी डोक्यात आले नव्हते.

रामेश्वराचे हे देऊळ सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी 1747 मध्ये बांधले. घंटेवर साल आहे ते 1721. म्हणजे देवळाहून घंटा सव्वीस वर्षांनी वडील! चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ही खूण, असे नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीलाही अशाच पोर्तुगीज घंटा आहेत.

आता जुवाविषयी. आपल्याकडे घंटा स्थिर असते आणि लोलक हलवून वाजवतात. स्पेन-पोर्तुगालकडच्या चर्चमध्ये बहुधा घंटाच झुलवतात, आणि त्यासाठी तिच्या माथ्यावर जाड लाकडी जू बसवतात. ते शोभेचे नव्हे. समजुतीपुरते आकडे घेऊ. घंटा नऊ मणांची, तिचा गुरुत्वमध्य आसाखाली दोन फूट; जू तीन मणांचे, त्याचा मध्य आसावर दोन फूट. नवा दुणे अठरा, त्यातून तीन दुणे सहा वजा केले, उरले बारा; एकूण वजन बारा मण, त्याने भागले की येतो एक. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य आसाखाली एकच फूट! वजन वाढले, तरी झुलवायला जोर लागतो तो अठराच्या जागी बाराचा, आणि मनोऱ्याच्या भिंतींना बसणारे हिसकेही सौम्य होतात. प्रत्येक भागाचे वजन त्याच्या अंतराने गुणावे आणि बेरजेला एकूण वजनाने भागावे, या रीतीचे मूळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या आर्किमिडीजच्या तरफेत आहे.

आणखी एक मौज. घंटेचा गुरुत्वमध्य धातूत नसतोच, तो आतल्या पोकळीत असतो. मी मुलांना कित्येक वर्षे "जिथे कड जाड, तिथेच" असे ठोकून सांगत होतो!

झुलत्या घंटेत लोलक हाही एक निराळा भाग. त्याचा हिशेब चुकला तर काय होते, ते जर्मनीतल्या कोलोनकरांनी पाहिले. तिथल्या कॅथेड्रलसाठी 1874 मध्ये सुमारे सत्तावीस टनांची कैसरघंटा ओतली. झुलवली, तर घंटा आणि लोलक एकाच लयीत बरोबर हलू लागले. लोलक कडेला लागेना, घंटा बोलेना. त्याचे गणित 1876 मध्ये छापून आले. पुढे पहिल्या महायुद्धात, 1918 साली, ती घंटा वितळवली गेली.

आपल्या घंटेकडे परत येतो. तिच्या माथ्यावर एके काळी जू असावे आणि वसईहून निघताना ते तिथेच राहिले असावे, असा माझा कयास. विजयी वीरांना पितळ-काशाचे मोल. लाकडाचे ओंडके घाटावरून कोण वाहून आणणार? देवळात तर त्यांचे कामच नव्हते. स्वाऱ्यांचे इतिहास आपण आवडीने वाचतो. तो जड जिन्नस दोर-तराफे लावून भिंतीवर चढवणाऱ्या, त्याचा तोल नेमका कुठे आहे हे हातांनीच ओळखणाऱ्या माणसांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. मीही माझ्या कादंबरीत घोडेस्वारच घातले होते.

दुसऱ्या आवृत्तीत वादळ ठेवले, पूर ठेवला. पाणी घंटेच्या कडेला लागते, ती हलत नाही. घोडेस्वारांची दोन पाने काढून तिथे दोर धरलेले चौघे आणले. प्रत घेऊन त्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी तेवढा प्रसंग वाचला आणि विचारले, "दोर कशाचा होता हो, मास्तर? काथ्याचा की अंबाडीचा?"