बिस्मिल्लाहपासून पाचवीपर्यंत

आमच्याकडे मूल चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं की त्याची बिस्मिल्लाह होते. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मुसलमानांची घरं मोजकी, पण हा हिशेब चुकवलेलं घर आम्ही तरी पाहिलं नाही. आमची दादी तर कॅलेंडरवर कोळशानं खूण करून ठेवायची. हे महिने चंद्राचे धरायचे की इंग्रजी, यावर घरात दरवेळी वाद होई आणि दरवेळी दादीच जिंकत असे. नवे कपडे, अत्तर, चार नातेवाईक, मोहल्ल्याचे हाफिजसाहेब आणि शिरनी. हाफिजसाहेब म्हणणार, मागोमाग मूल म्हणणार. आमच्या मुलीची बिस्मिल्लाह २०२३ साली झाली, तेव्हा तिनं निम्मे शब्द गिळले आणि सगळं लक्ष पेढ्यांच्या डब्याकडे ठेवलं. तरी सगळे खूश. जून २०२५ मध्ये तीच मुलगी पहिलीत गेली, तेव्हा मात्र घरात पंधरा दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

असं का व्हावं? या दोन पहिल्या दिवसांमध्ये जे अंतर आहे, त्याचा इतिहास शोधावा असं आम्हाला तेव्हापासून वाटत होतं.

बिस्मिल्लाहचा रिवाज जुना आहे. एल्लोरचे जाफर शरीफ यांनी दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींवर लिहिलेलं ‘कानून-ए-इस्लाम’ हे पुस्तक डॉ. हर्कलॉट्स यांनी इंग्रजीत आणलं आणि ते १८३२ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात हाच चार-चार-चारचा हिशेब आहे. म्हणजे आमची दादी जे करत होती ते जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी दख्खनच्या घराघरांत चालत होतं. त्याही मागे गेलं तर अबुल फजलनं अकबराच्या मकतबप्रवेशाची हकीकत लिहून ठेवली आहे. हुमायूं तेव्हा काबूलमध्ये होता. ज्योतिष्यांनी मुहूर्त काढला, उस्ताद ठरले, सगळी तयारी झाली. आणि ऐन घटकेला शाहजादे खेळायला पळाले ते सापडेचनात! अबुल फजलला त्यात दैवी संकेत दिसला. आम्हा पहिलीच्या शिक्षकांना त्यात जूनमधलं रोजचं दृश्य दिसतं.

चार-चार-चारला धर्मात आधार नाही, ही नुसती रस्म आहे, असं सुधारक उलेमांनी पुढे वारंवार सांगितलं. ते बरोबरही आहे. पण रस्म टिकली, कारण तिच्यात आईबापांना कठीण असं काही नव्हतं. त्या दिवसानंतर मूल हळूहळू बगदादी कायद्याला लागे, मग नाजरा कुराण, मग खत्म. वेळ ज्याचा त्याचा. नापास कुणी नाही. आमची दादी सुरेख तिलावत करायची. रमजानात तिचा आवाज शेजारच्या कुणब्यांच्या अंगणापर्यंत जायचा. आणि हीच दादी बिडी कारखान्याच्या हजेरीपुस्तकावर अंगठा उमटवायची. आम्हाला लहानपणी हे कोडं वाटे. पण त्या जुन्या तालमीत वाचणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. मुलींना पहिली मिळे, दुसरी बहुतेक वेळा नाही. मौलाना अशरफ अली थानवींच्या ‘बहिश्ती जेवर’चा पहिला भाग उर्दू अक्षरओळखीपासून सुरू होतो, तो याच कारणानं. विसाव्या शतकाच्या आरंभी कुणाला तरी वाटलं की घरातल्या मुलीला लिहिताही यावं. आमच्या दादीपर्यंत ते पुस्तक पोचलं, पण ती ते दुसऱ्याकडून वाचून घेत असे.

शेजाऱ्यांचं काही वेगळं नव्हतं. तिकडे पाटीपूजन, धुळपाटीवर बोटानं धुळाक्षरं, ‘ओनामा’. मराठीत आजही कामाचा श्रीगणेशा होतो आणि आमच्या घरात कामाची बिस्मिल्लाह होते. दोन्हीकडे पहिला दिवस देवाच्या नावाचा आणि गोड तोंडाचा. फरक पुढे पडला.

तो फरक सरकारी कागदात पहिल्यांदा ठळक दिसतो १८८२ च्या हंटर आयोगात. मुसलमान मुलं सरकारी शाळांकडे का वळत नाहीत, याचा विचार करून आयोगानं शिफारस केली की प्राथमिक आणि मिडल शाळांत मुसलमानांना शिकवण्याची भाषा हिंदुस्तानी असावी. मात्र जिथल्या मुसलमानांना दुसरी भाषा हवी असेल तिथे ती द्यावी. ही दुसरी ओळ आपण नेहमी विसरतो. कोकणातल्या मुसलमानाची घरची बोली आणि आमची घरची बोली एक नाही, हे त्या साहेब लोकांना कळलं होतं. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता.

भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात. आमचे दादा १९३० नंतर कधीतरी शाळेत गेले. त्यांच्या आठवणीत एक गोंधळ पक्का होता, तो विद्यामंदिराचा. १९३७ साली प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. शिक्षणमंत्री होते पंडित रविशंकर शुक्ल, जे पुढल्या वर्षी मुख्यमंत्री झाले. त्यांनी खेड्यांसाठी योजना काढली: गावातल्या कुणी जमीन दान द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, शिक्षकाचा पगार त्यातून निघावा. खेड्याच्या दृष्टीनं कल्पना चांगली होती, हे आज शांतपणे म्हणता येतं. पण नाव ठेवलं ‘विद्यामंदिर’. मुसलमानांनी हरकत घेतली, मुस्लिम लीगनं तो मुद्दा उचलला, आंदोलन झालं. याच काळात शेजारच्या वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं नई तालीमचा विचार झाला, आणि त्याचा अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन! भांडण नावावरून पेटलं होतं तेव्हा एक मुसलमान शिक्षक सगळ्या देशाच्या मुलांसाठी पहिलीची चौकट आखत होता. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. आज ज्ञानमंदिर, विद्यामंदिर अशा पाट्यांखालून आमची मुलं सहज जातात, आणि ‘मदरसा’ या शब्दाचा अर्थ नुसता ‘शाळा’ आहे हे सांगायला गेलं तर लोक संशयानं पाहतात. जाता जाता इतकंच की सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार मुस्लिम मुलांपैकी साधारण ४ टक्केच मदरशांत शिकत होती. बाकीची आमच्यासारख्या शाळांत, नाहीतर कुठेच नाही.

आता १ नोव्हेंबर १९५६. या दिवशी भंडारा मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. ज्या सातव्या घटनादुरुस्तीनं राज्यांची ही फेरमांडणी झाली, तिनंच घटनेत ३५० अ हे कलम घातलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी. आमचा जिल्हा मराठी राज्याकडे आला आणि आमच्या भाषेला वचन मिळालं, एकाच दिवशी. पण हे वचन आहे ‘प्राथमिक अवस्थेपुरतं’. आमच्या घरच्या तीन पिढ्या या शब्दांवर अडखळल्या आहेत.

अब्बा १९६१ मध्ये पहिलीत गेले, महाराष्ट्र होऊन वर्ष झालं होतं. उर्दू शाळा, एक खोली, एक मास्तरसाहेब, इस्माईल मेरठींची पुस्तकं. बालभारती १९६७ ची, म्हणजे अब्बांच्या वाट्याला ती चौथीनंतरच आली असती. चौथीत अब्बा पहिले आले. पुढे गावात उर्दू नव्हतं. पाचवीत मराठी शाळेत नाव घातलं. मोहल्ल्यातली झाडीबोली त्यांना येत होती, धानाच्या बांध्यांत मित्रांबरोबर ते तीच बोलत. पण फळ्यावरची मराठी निराळी, अक्षरं निराळी, ओळ डावीकडून सुरू होणारी. उर्दूतला पहिला नंबर मराठीत शेवटच्या बाकावर बसला. सातवीनंतर त्यांनी शाळा सोडली आणि भंडाऱ्याला पितळेच्या भांड्यांच्या कामाला लागले.

आम्ही १९९५ मध्ये पहिलीत गेलो. त्याच वर्षी १५ ऑगस्टला शालेय पोषण योजना सुरू झाली. तेव्हा खिचडी नव्हती. हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. धानाच्या जिल्ह्यात आम्ही शाळेतून तांदूळ घेऊन घरी येत होतो, याची अम्मी थट्टा करायची, पण तांदूळ निवडून ठेवायची. चौथी झाली आणि पुन्हा तोच दरवाजा. आम्ही उर्दूतच पुढे शिकलो, डी.एड. झालो, आज उर्दू शाळेत शिकवतो. याचं श्रेय लोक आमच्या मेहनतीला देतात. खरं कारण सोपं आहे. आमचे मामू कामठीला राहत होते. १८२१ च्या छावणीभोवती वाढलेलं ते गाव, उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची मोठी वस्ती, तिथे उर्दू हायस्कूल. मामूंच्या घरात एक खाट जास्तीची होती. आमच्या वर्गातल्या इतर अकरा जणांचे कामठीला मामू नव्हते. त्यातले सात पाचवीतच थांबले. मुली तर सगळ्याच.

आता आमच्या मुलीकडे येऊ. विदर्भात ‘कॉन्व्हेंट’ म्हटलं की नन्सची शाळा डोळ्यांपुढे येत नाही. पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या, दारावर कार्टून, गळ्यात टाय, की झालं कॉन्व्हेंट. उर्दू शिक्षकांपैकी कितीतरी जणांची मुलं तिथे जातात. आम्ही त्यांना दोष देत नाही. पाचवीचा दरवाजा त्यांनीही पाहिला आहे. आमच्या घरात अम्मीचं म्हणणं उर्दू. आम्हा दोघांचं रोज बदलत होतं. आणि ज्यांच्याकडून आम्हाला उर्दूची अपेक्षा होती ते अब्बा म्हणाले, “इसको सीधा मराठी में डाल दो. मैं जैसा पाँचवीं में गूँगा बैठा, ये नहीं बैठना.” एवढं बोलून ते उठून गेले. साठ वर्षांपूर्वीचा तो बाक त्यांच्या मनातून गेलेला नव्हता.

दुसरी बाजू आमच्या रोजच्या वर्गातली. सहा वर्षांचं मूल आपल्या भाषेत बोलू लागतं तेव्हा त्याचा चेहरा बदलतो, हे आम्ही बारा-तेरा वर्षं पाहतो आहोत. मात्र ‘आपली भाषा’ म्हणताना आमची जीभ थोडी अडखळते. आमची मुलगी घरात बैलगाडीला ‘बंडी’ म्हणते, शेजारच्या मुलाला ‘पोट्टा’ म्हणते, होकाराला ‘हव’ म्हणते. पुस्तकातली उर्दू तिलाही पाहुणीच आहे, फक्त ओळखीच्या घरातली पाहुणी. त्यात २००० पासून पहिलीत इंग्रजी आली, २०२० च्या कायद्यानं मराठी सगळ्याच माध्यमांत सक्तीची झाली. म्हणजे एकाच पाटीवर अलिफ उजवीकडून, अ आणि ए डावीकडून. सरकारनं २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणायचं ठरवलं आणि जूनअखेरीस ते मागे घेतलं, तेव्हा सगळे आपापल्या मुलांचं ओझं मोजत होते. उर्दू शाळेतल्या मुलाच्या पाटीवर आधीच किती गर्दी आहे, याची चर्चा फारशी कानावर आली नाही.

आणखी एक गोष्ट, जी कबूल केलीच पाहिजे. आमच्या शाळेचा पट वीसच्या आसपास आहे. उन्हाळ्यात आम्ही घरोघर फिरतो, ‘पहिले पाऊल’च्या मेळाव्यात बिडी वळणाऱ्या आयांना सांगतो की मुलाला आपल्या भाषेत शिकवा. एका आईनं विचारलं, “सर की बेटी किधर जाती?” हा प्रश्न आम्हाला कुणीतरी विचारणारच होतं. मुलगी आमच्या शाळेत आली तर पट एकानं वाढतो, हा विचार मनात आलाच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मूल आपलं, नोकरीही आपली; दोन्हींचा हिशेब एकाच वहीत आला की बापाची आणि मास्तरची गल्लत होते.

शेवटी नाव उर्दू शाळेत घातलं, पण अब्बांच्या अटीवर. रोज मगरीबनंतर ते स्वतः तिला मराठी वाचून दाखवतात. सातवीत सुटलेली त्यांची मराठी कामाच्या ठिकाणी, वर्तमानपत्रावर, बसच्या पाट्यांवर पक्की झालेली आहे. बालभारतीचं मराठी पहिलीचं पुस्तक त्यांनी स्वतः बाजारातून आणलं. मुलगी त्यांना ‘बंडी’ला पुस्तकात काय म्हणतात ते विचारते, अब्बा सांगतात, आणि मग दोघं मिळून ‘बंडी’च म्हणतात.

तिची पाचवी २०२९ च्या जूनमध्ये आहे. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग जोडावा म्हणून आम्ही अर्ज दिला आहे, सोबत चार गावांतल्या मुलांची यादी जोडली आहे. अजून उत्तर नाही. मामू २०१९ मध्ये गेले. त्यांची खाट कामठीला तशीच आहे, असं मामेभाऊ फोनवर म्हणाला. आम्ही त्याला अजून काही सांगितलेलं नाही.