ढगांखालची धावपट्टी : महाराष्ट्रातील छोट्या विमानांचे उतरणे

टाटा सन्सच्या हवाई टपालसेवेपुढे 1932 नंतर जी पहिली मोठी अडचण उभी राहिली ती पावसाळ्याची होती, कारण मुंबईतील जुहूचे सखल मैदान पावसाने चिखलमय होई आणि हलके विमान तेथे उतरविणे म्हणजे चाके रुतवून ते उलटविण्यासारखे होते. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ हे एका इंजिनाचे विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणले. अहमदाबादेत त्याचे इंधन चार गॅलनच्या डब्यांतून, बैलगाडीवर लादून आले होते. पुढे त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवरून वाट दाखविणारी कोणतीही सोय नव्हती. पावसाळ्यात मात्र या सेवेने जुहूचा हट्ट सोडला आणि आपला मुक्काम पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलविला. पहिल्या वर्षात सह्याद्रीवरच्या पावसातही टपाल एकदाही उशिरा पोहोचले नाही, याची दखल नागरी विमान वाहतूक खात्याने आपल्या अहवालात घेतली. या वक्तशीरपणाचे श्रेय वैमानिकांच्या धैर्याला दिले जाते आणि ते योग्यच आहे. तरीही जेथे उतरू नये तेथे उतरायचे नाही, हा आधीच घेतलेला निर्णय त्या धैर्याइतकाच महत्त्वाचा होता, हे विसरता येत नाही.

उतरताना छोटे विमान सर्वांत दुबळे असते. प्रशिक्षणासाठी सर्रास वापरले जाणारे सेसना 152 हे दोन आसनी विमान उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त सुमारे 757 किलो वजनाचे असते, आणि बाजूने वाहणाऱ्या वाऱ्यात, म्हणजे धावपट्टीला आडव्या येणाऱ्या वाऱ्यात, ते सुरक्षित उतरल्याची चाचणी 12 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 22 किलोमीटर वेगापर्यंतच झालेली आहे. मराठवाड्याच्या पठारावर, कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावी, वैशाखातला वळीव ज्याने शेतात उभे राहून पाहिला आहे त्याला यातील धोका वेगळा सांगावा लागत नाही : आधी हवा कोंदते, मग क्षितिजावर धुळीचा लोट उठतो, थंड वाऱ्याचा झोत झाडे वाकवतो आणि थेंब त्यामागून येतात. गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, तोच हा झोत. धावपट्टीजवळ आलेल्या, वेग कमी केलेल्या विमानाला तो आधी समोरून उचलतो आणि क्षणात पाठीमागून येऊन पंखांखालचा आधार काढून घेतो. अशा वेळी उंची इतकी थोडी असते की चूक सावरायला जागाच उरत नाही.

न दिसणाऱ्या धावपट्टीवर उतरण्यासाठी आयएलएस ही यंत्रणा आली. तिच्यात जमिनीवरचे रेडिओ संकेत वैमानिकाला धावपट्टीची मध्यरेषा आणि खाली येण्याचा योग्य उतार दाखवितात, आणि ठरलेल्या किमान उंचीपर्यंत धावपट्टी न दिसल्यास त्याने पुन्हा वर जायचे असते. यालाच गो-अराउंड म्हणतात. मोठ्या विमानतळांना ही सोय मिळाली, तरी तीही हमी नव्हे : 14 सप्टेंबर 2023 रोजी मुंबईत मुसळधार पावसात, दृश्यमानता 700 मीटर असताना, विशाखापट्टणमहून आलेले लियरजेट 45 जातीचे छोटे जेट धावपट्टीवर उतरताना कोसळले. विमानातील आठही जण बचावले.

बारामती, लातूर, नांदेड, धाराशिव आणि यवतमाळ येथील विमानतळांमुळे जिल्ह्याजिल्ह्यांपर्यंत छोटी विमाने पोहोचू लागली, परंतु डांबरी पट्टा आणि विमानतळ यांत फार मोठे अंतर असते. बारामतीला हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष नव्हता. तेथे येणाऱ्या वैमानिकाला विमान प्रशिक्षण संस्थांचे कर्मचारी माहिती देत. 28 जानेवारी 2026 च्या सकाळी मुंबईहून तेथे आलेल्या लियरजेट 45 ने पहिल्या प्रयत्नात धावपट्टी न दिसल्याने गो-अराउंड केला, दुसऱ्या प्रयत्नात ती दिसल्याचे कळविले आणि त्यानंतर काही क्षणांत ते धावपट्टीजवळ कोसळले. उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाचही जण मृत्युमुखी पडले. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या निवेदनानुसार त्या वेळी दृश्यमानता सुमारे 3000 मीटर होती, तर डोळ्यांच्या भरवशावर करावयाच्या उड्डाणासाठी सर्वसाधारणपणे 5 किलोमीटर दृश्यमानता लागते. अपघाताचे कारण ठरविणे हे चौकशीचे काम आहे. मात्र ढगांची उंची आणि दृश्यमानता मोजणारी उपकरणे, ती वाचणारा प्रशिक्षित माणूस आणि त्या आकड्यांवरून धावपट्टी बंद ठेवण्याचा अधिकार, या तीन गोष्टी अशा प्रत्येक विमानतळावर असाव्यात, एवढी मागणी करण्यास चौकशीच्या निष्कर्षाची वाट पाहण्याची गरज नाही.